वाऱ्याचा खांब आणि खिंडीतला पाहुणचार

अकोल्याला माझ्या माहेरी मावळ म्हटलं की एकच विचारतात, तिथे पाऊस फार असतो ना? असतो. पण मी गेले ती भाद्रपद सरता सरता, पाऊस हात राखून पडायला लागला होता तेव्हा. आणि गेले तीही हवा खायला नव्हे. हवा मोजायला गेले होते म्हटलं तर ते जास्त खरं होईल.

मोजणारे अर्थात हे. हे सरकारच्या एका खात्यात इंजिनिअर. वाऱ्यावर पंखे फिरवून वीज करायची, हा त्यांचा ध्यास. जेवताना पानात मिठाच्या रेघा ओढून मला पंख्याची पाती समजावून द्यायचे. मावळात डोंगराच्या कडेला एक उंच लोखंडी खांब उभा करायचा, त्यावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवायची, आणि वर्षभरात वारा पुरेसा भरला तर तिथेच मोठ्या पवनचक्क्या लावायच्या, अशी योजना होती. लग्न होऊन पुण्यात आल्याला बरेच दिवस झाले तरी मी घाट पाहिला नव्हता. "चल, खांब उभा करू आणि घाटही पाहू," हे म्हणाले. मी दोन लुगडी जास्त घेतली आणि निघाले.

खंडाळा

पहिला मुक्काम खंडाळ्याला, ह्यांच्या मामांच्या ओळखीच्या एका बंगल्यात. मालक मुंबईचे निवृत्त बॅरिस्टर. माणूस गोड, अगत्यशील. व्हरांड्यातून खाली बघितलं की दरी एकदम सुरू होते. मी कठड्याला हात लावूनच उभी राहिले. आमच्या वऱ्हाडात जमीन अशी तुटत नाही. क्षितिजापर्यंत काळं रान, मध्ये एखादं बाभळीचं झाड, म्हणजे माणसाला आपण कुठे आहोत ते कळतं. इथे पायाखाली ढग फिरत होते आणि त्यांच्याखालून इंजिनाची शिट्टी ऐकू येत होती.

चहा पातळ पांढऱ्या कपांतून आला. बॅरिस्टरसाहेबांनी ह्यांना येण्याचं कारण विचारलं. ह्यांनी सांगितलं तसे ते खळखळून हसले. म्हणाले, म्हणजे तो खांब! तो तर इथेच लागायचा होता, त्या समोरच्या टेकाडावर. पण आम्हा बंगलेवाल्यांना काही तो पसंत नव्हता. पुढेमागे पंखे आले तर दिवसभर घरघर, आणि दरीकडे बघावं तर मध्ये लोखंड. तेव्हा एका जेवणाच्या वेळी त्यांनी वरच्या कुणा साहेबांच्या कानावर घातलं, आणि जागा बदलली. हे सगळं त्यांनी टोस्टला लोणी लावता लावता, मनात काही न ठेवता सांगितलं.

ह्यांनी कप खाली ठेवला. जागा तांत्रिक कारणांमुळे बदलली, एवढंच ह्यांना कार्यालयात सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसल्यावर कामशेत येईपर्यंत हे बोललेच नाहीत. मग एकदाच म्हणाले, "तांत्रिक कारण."

पाथरवाडी

नवी जागा पाथरवाडीच्या वरचं पठार. कामशेतपासून आत, भाताच्या खाचरांमधून रस्ता जातो. आंबेमोहोर पोटरीला आला होता आणि त्याचा वास जीपमध्येही येत होता. पुढे चढ, मग एक अरुंद खिंड, आणि खिंडीपलीकडे डोंगराच्या खांद्यावर ही वाडी. कारवीच्या काटक्यांच्या भिंती, त्यांना शेणमातीचा गिलावा. वस्ती ठाकरांची आणि कोळ्यांची. उतरायला दुसरी सोय नसल्यामुळे वाडीतल्या सगळ्यांत वयस्क धोंडूआबांच्या घरी आमची व्यवस्था केलेली होती. घरात आबा आणि त्यांची सून हिराबाई. तिचा नवरा घाटात रेल्वेच्या गँगवर, सुट्टीला तेवढा घरी येई.

हिराबाई माझ्याच वयाची. गूळ घातलेला कोरा चहा दिला आणि म्हणाली, पठार बघायला चला, अजून उजेड हाय. हे वाडीत माणसांशी बोलत बसले आणि आम्ही दोघी वर गेलो.

पठार मी कसं सांगू? सोनकीच्या पिवळ्या फुलांनी सगळं भरून गेलेलं, आणि त्यावरून वारा असा येत होता की पदर सांभाळावा की पाय रोवावेत ते सुचेना. मधूनमधून काळा कातळ, त्यात पाण्याचं एक कोरीव टाकं. वाडी बारा महिने तेच पाणी पिते. वाडीची गुरं चरत होती. फुलांमध्ये ठिकठिकाणी लाल रंग फासलेल्या खुंट्या होत्या, सर्वेक्षणाच्या. हिराबाई प्रत्येक खुंटीला वळसा घालून चालत होती.

कडेला गेलो तर खाली धरणाचं पाणी पसरलेलं दिसलं, आणि लांब डोंगराच्या धारेवर दिवे लागायला लागले होते. तिने सांगितलं, ते खंडाळा. मी सहज विचारून गेले, तुमच्याकडे वीज कधी येणार?

तिने खालच्या पाण्याकडे बोट केलं. "ती वीज ह्या पान्याची. आमची खाचरं हायत त्याच्या बुडाला. वीज तिकडं गेली, आमी वर आलो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र परत येईपर्यंत फुलांकडे नीट बघता आलं नाही.

जेवायला नाचणीची भाकरी, भारंगीची भाजी, ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण आणि भात. आमच्याकडे भात म्हणजे शेवटी वरणाबरोबर चार घास. इथे भातच जेवण, बाकीचं त्याच्या सोबतीला. खेकडा फोडायचा कसा ते मला येईना. हिराबाईने तो माझ्या पानातून उचलला, तव्यावर उलथन्याने ठेचला आणि परत ठेवला. आम्ही हसत होतो तेवढ्यात आबा बोलले.

"साहेब, तुमी पावनं. चार दिस ऱ्हावा, पोटभर जेवा. पन उद्या तुमचा टरक खिंडीतनं वर येनार न्हाई. आमी तितं बसनार हाय. आदी सांगितल्यालं बरं."

ह्यांचा घास हातातच राहिला. हे म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत, आबा."

"भात घ्या," हिराबाई म्हणाली आणि तिने ह्यांच्या पानात आणखी भात वाढला.

आमच्याकडे भांडण असलं की समोरच्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. इथे भांडण उद्याचं होतं आणि जेवण आजचं, आणि दोन्ही एकाच घरी. मला हे नवीन होतं. खरं सांगायचं तर फार अवघड गेलं.

खिंडीत

सकाळी दाट धुकं. लोखंडी नळ्यांचा ट्रक खालच्या गावात रात्रीच येऊन थांबला होता, त्याला घेऊन यायला हे जीपने पुढे गेले. मी घरात बसून काय करणार म्हणून खिंडीकडे निघाले. वाटेत शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि मी सरळ चिखलात बसले. उठायला गेले तर घोटा टेकवेना. धुक्यातून दोन-तीन बायका धावत आल्या. त्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरून खिंडीपर्यंत नेलं, एका सपाट धोंड्यावर बसवलं, आणि भुरभुर सुरू झाली म्हणून डोक्यावर इरलं दिलं. बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं हे पावसाचं खोपटं डोक्यापासून पाठीपर्यंत येतं. बाहेरून बघणाऱ्याला आतली बाई कोण ते कळत नाही.

धोंडा रस्त्याच्या मधोमध होता, हे धुकं जरा विरल्यावर माझ्या लक्षात आलं. माझ्या डाव्या-उजव्या हाताला वाडीतल्या सगळ्या बायका बसलेल्या होत्या, मागे आबा आणि बाप्ये. आणि समोरून ट्रकची घरघर वर चढत येत होती.

ट्रक थांबला. ठेकेदाराचा मुकादम खाली उतरला आणि बायकांना नको ते बोलायला लागला. सरकारी काम अडवता, पोलीस बोलावून उचलून नेतो, असं बरंच काही. कुणी उठलं नाही. मग मुकादम माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ए बाई, तू पहिली ऊठ. मी इरलं मागे सारलं. पुण्यात त्याने मला साहेबांच्या घरी पाहिलेलं होतं; त्याचा तेव्हाचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

तोवर हे मागून आले होते. मला पाहून थबकले. उठायचं म्हटलं तरी उठता येत नव्हतं, आणि माझी उठायची इच्छा होती का, हेही मला नीट सांगता आलं नसतं. ह्यांनी माझ्याजवळ येऊन घोटा पाहिला.

"फार लागलं का?"

"सुजलाय," मी म्हटलं.

"मग बस इथेच," हे म्हणाले. सगळ्या बायकांनी ते ऐकलं.

मुकादमाने तिथेच सांगितलं, की मामलेदारांकडून पोलीस घेतल्याशिवाय हे लोक हलणार नाहीत. ह्यांनी ट्रक खालच्या गावात मागे घ्यायला लावला आणि दोघे जीपमधून तालुक्याच्या कचेरीत, वडगावला गेले. मी बघतच राहिले. पोलीस आणायला गेले की थांबवायला, मला काहीच कळलं नव्हतं.

वाट बघणं

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस मी हिराबाईच्या ओसरीवर काढला. तिने निर्गुडीचा पाला गरम करून घोट्याला बांधला. येणारी-जाणारी प्रत्येक बाई पाय बघून जायची आणि काहीतरी खायला ठेवून जायची. काकडी, भाजलेलं कणीस, एकीने पानात गुंडाळून खरवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बौद्धवस्तीतला किसन वर आला. हा वडगावच्या कोर्टात शिपाई. त्याच्या वस्तीची गुरंही ह्याच पठारावर येत, म्हणून तोही खिंडीत बसायला आला होता. त्याने सांगितलं, की कचेरीच्या आवारात पोलिसांची तुकडी येणार असं बोलतात. साहेब आत मामलेदारांपाशी बसले होते, दार लावलेलं होतं, पुढचं त्याला माहीत नव्हतं.

हे ऐकून कुणी रडलं-ओरडलं नाही. हिराबाईने जात्यात आणखी नाचणी ओतली, कारण आज खिंडीत बसणारे वाढणार होते. मला ते बघवेना. मी तिला म्हटलं, मी खालच्या गावात जाऊन राहते, तुमच्याकडे राहायला मला तोंड नाही.

ती दळता दळता म्हणाली, "पाय बरा झाल्याबिगर कुटं जाता? त्यांचं काम त्यांच्यापाशी. तुमी हितल्या पावन्या."

दुपारी खिंडीकडून हाक आली, माणसं येतायत. मी काठी टेकत अंगणात आले. धुक्यातून आधी एक खाकी कपडा दिसला. त्या क्षणी मला ह्यांचा जेवढा राग आला, तेवढा कधी आला नव्हता. मग खाकीवाला जवळ आला. तो कचेरीचा पट्टेवाला होता, आणि त्याच्या खांद्यावर मामलेदारांची पिशवी होती. मागे धापा टाकत, छत्रीचा काठीसारखा उपयोग करत स्वतः मामलेदार, आणि त्यांच्या मागे हे. बाकी कुणी नव्हतं. मुकादमसुद्धा नव्हता.

मी तिथेच अंगणात खाली बसले. हिराबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाणी आणायला आत गेली.

वडगावला काय झालं ते ह्यांनी मला नंतर सांगितलं. मामलेदार पोलीस द्यायला तयार होते. खात्याच्या माणसाने मागितले की द्यावे लागतात, म्हणाले. ह्यांनी मागितलेच नाहीत. उलट, तुम्हीच एकदा वर चला आणि माणसांचं ऐका, असा आदल्या दिवसापासून धोशा लावला. मामलेदार पायाने अधू नव्हते, पण चढाला भीत होते. शेवटी आले.

देवीच्या आवारात

वाघजाईच्या देवळापुढे सगळे जमले. मामलेदारांनी आधी योजना समजावून सांगितली. चांगली सांगितली, वारा फुकट आहे, त्याने कुणाचं काही बुडत नाही, असं. मग आबा उठले.

"पान्याची वीज मुंबईला गेली. ह्या वाऱ्याची कुटं जानार?"

मामलेदारांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. वाऱ्याबद्दल ह्यांना विचारलं की हे तासभर बोलू शकतात. मिठाच्या त्या रेघा मला आठवल्या.

"मला माहीत नाही, आबा," हे म्हणाले. "ते ठरवणारा मी नाही. वाडीला मिळेल असं मी सांगितलं तर ते खोटं होईल."

कुजबुज झाली. हे बसले नाहीत. पुढे जे बोलले ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं, आणि ते बोलल्याने नोकरीत काय होईल हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"आणखी एक सांगतो. हा खांब आधी खंडाळ्याला लागायचा होता. तिथल्या बंगलेवाल्यांना तो नको होता, म्हणून इथे आला."

मग बायकांमधून हिराबाईने विचारलं. कुत्सितपणे नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्ये लोक कुटं बसलं व्हतं?"

"ते बसले नव्हते," हे म्हणाले. "त्यांनी नुसतं सांगितलं."

मामलेदार चष्मा पुसायला लागले. तेव्हा मागे उभा असलेला किसन म्हणाला, "मग आमीबी सांगितलंय, असं धरा की साहेब."

मामलेदारांनी चष्मा लावला आणि शांतपणे सांगितलं, की गावाचं म्हणणं मी ऐकलं आहे, ते तसंच वर कळवीन, आणि गावाची संमती नसताना हे काम पुढे जाणार नाही. हे म्हणाले, मीही तेच कळवतो. आणि कारण तांत्रिक नाही, हेही.

सभा तशीच उठली. ना हार, ना नारळ. आबा ह्यांच्यापाशी आले आणि म्हणाले, आज कोंबडं करतो, जेवूनच जायाचं. मामलेदारांना उतरायची घाई होती, पण कोंबड्याचं ऐकून तेही थांबले.

खाली

दुसऱ्या दिवशी माझा पाय टेकत होता. नळ्यांचा ट्रक परत न्यायचा होता, पण तो वळवताना मागची चाकं खाचराच्या बांधाशी चिखलात रुतली. ड्रायव्हरने जोर केला तशी ती आणखी खाली गेली. मुकादम केव्हाच पुण्याला निघून गेला होता. मजूर कुठून आणायचे याचा विचार चालू होता, तेवढ्यात आम्हाला पोचवायला आलेल्या बायकांनी पदर खोचले. हिराबाईने चाकाखाली कारवीच्या मोळ्या टाकल्या. ज्या बायका हा ट्रक वर जाऊ नये म्हणून भिजत बसल्या होत्या, त्यांनीच तो मागून रेटला. हेही त्यांच्यात घुसले. ट्रक एकदम सुटला आणि चिखलाचा फवारा सगळ्यांच्या अंगावर उडाला, ह्यांच्या तोंडावर सर्वांत जास्त. आबांना इतकं हसू आलं की त्यांना बांधावर टेकावं लागलं.

हिराबाईने मला आंबेमोहोराचं गाठोडं दिलं, गेल्या वर्षीच्या तांदळाचं. मी माझं एक लुगडं तिला दिलं. ती म्हणाली, पुढच्या खेपेला खेकडा तुमचा तुमी फोडायचा.

नंतरचं इथेच सांगून टाकते. खात्यातून ह्यांना विचारणा झाली, दोन-चार कडक शब्द ऐकावे लागले, पण नोकरी राहिली. पाथरवाडीची जागा रद्द झाली आणि तो खांब पुढे समुद्रकाठी एका ओसाड माळावर उभा राहिला. खंडाळ्याला तो परत गेला नाही, हेही सांगायला हवं. ह्यांना वाईट वाटलं ते मावळच्या वाऱ्याचं. तसा वारा पुन्हा मिळाला नाही, म्हणतात.

पण हे सगळं मागाहूनचं. त्या दिवशी जीप ट्रकबरोबर सोडून आम्ही कामशेतला पुण्याकडची गाडी पकडली. डबा रिकामाच होता. खिडकीशी बसल्या बसल्या ह्यांचा डोळा लागला, गालावरचा चिखल वाळून तसाच. खिंडीतल्या त्या सकाळपासून हे नीट झोपले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. तळेगाव आलं, फेरीवाले ओरडून गेले, तरी ह्यांना जाग आली नाही.

तिकीट तपासनीस आला. ह्यांच्या खिशातून तिकिटं काढून मीच दाखवली. तो चिखलाकडे बघून म्हणाला, साहेब कामावरून आलेले दिसतात.

"हो," मी म्हटलं.

"झालं का काम?"

"झालं," मी म्हटलं, आणि खिडकीची फळी हळूच खाली ओढली, ह्यांच्या तोंडावर ऊन यायला लागलं होतं म्हणून.